दात निघतो, मागे खड्डा राहतो

मागच्या अंकात इम्प्लांटबद्दल, म्हणजे गेलेल्या दाताच्या जागी हाडात बसवतात त्या धातूच्या मुळाबद्दल लिहिलं आणि त्यावर आलेल्या पत्रांत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारलेली दिसली: दात काढल्यावर खड्ड्यात भरतात ती ‘हाडाची पावडर’. म्हणून या वेळचं सगळं सदर त्याच पत्रांना दिलं आहे. नेहमीप्रमाणे पत्रलेखकांची नावं गाळली आहेत.

प्रश्न : मी विट्याजवळच्या एका गावात प्राथमिक शिक्षिका आहे, वय ४४. वरच्या पुढच्या दाताचं पंधरा वर्षांपूर्वी रूट कॅनल करून कॅप बसवली होती. आता मूळच उभं चिरलंय, दात काढावा लागेल, असं डॉक्टर म्हणतात. काढतानाच खड्ड्यात हाडाची पावडर भरायची आणि चार-पाच महिन्यांनी इम्प्लांट करायचा, असा त्यांचा सल्ला आहे. आमच्या यजमानांचं म्हणणं, आधी दात काढून घे, पुढचं पुढे बघू. पावडर म्हणजे बिल वाढवायचा प्रकार. काय करू?

बाई, यजमानांनी शंका घेतली ते बरोबरच आहे. शंका घ्यायलाच हवी. पण ‘पुढचं पुढे बघू’ एवढं मात्र तुमच्या दाताच्या बाबतीत चालणार नाही, आणि का ते जरा सविस्तर सांगते.

आपला दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंची झोळी असते आणि दात त्या झोळीत टांगलेला असतो. हे तंतू ज्या पातळ थराला धरून असतात, तो हाडाचा थर दातापुरताच तयार झालेला असतो. दात गेला की त्याचं काम संपतं आणि शरीर तो थर हळूहळू शोषून घेतं. दाढांपाशी या थरामागे भक्कम हाड असतं, त्यामुळे तिथे थर गेला तरी मागे काही भिंत उरते. पण वरच्या पुढच्या दातांची ओठाकडची भिंत बहुतेकांत एक मिलिमीटरहूनही पातळ असते. म्हणजे जवळजवळ सगळी भिंत त्या थराचीच. थर गेला की भिंतच गेली.

आणि हे फार लवकर होतं. डेन्मार्कमध्ये दाढा-उपदाढा काढलेल्या ४६ रुग्णांचं वर्षभर मोजमाप ठेवून २००३ साली निष्कर्ष छापले गेले. वर्षाअखेर त्या जागची रुंदी सुमारे निम्म्यावर आली होती आणि त्यातली दोन-तृतीयांश घट पहिल्या तीनच महिन्यांतली होती. तुम्ही दिवाळीच्या सुट्टीत दात काढला आणि मे महिन्यात ‘आता बघू’ म्हणालात, तर बघायला हाड कमीच उरलेलं असेल.

मी हे पुस्तकात वाचण्याआधी घरातच पाहिलं. १९९४ साली साताऱ्यात दवाखाना सुरू केला तेव्हा माझ्या आईचा वरचा डावा सुळा हलत होता. मीच काढला. तेव्हाच्या शिकवणीप्रमाणे चिमट्यात धरून ओठाच्या बाजूला रेटत रेटत काढला. दात बाहेर आला तेव्हा त्याच्या मुळाला नखाएवढी पांढरी कपची चिकटलेली होती. ती त्या पातळ भिंतीची होती. मी ती पुसून ट्रेमध्ये टाकली आणि आईला कापसाचा बोळा चावायला दिला. इतकं सहज. दात काढण्याआधी तिच्या जबड्याचं प्लॅस्टरचं माप घेतलं होतं, वर्षाने कवळीसाठी पुन्हा घेतलं. पहिल्या मापात सुळ्याच्या जागी हाडाचा उंचवटा होता, आठ मिलिमीटर रुंद. दुसऱ्यात तिथे खळगी होती आणि कॅलिपरमध्ये साडेचार भरले. आई आरशात बघून म्हणाली, “अगं, हसताना माझा ओठ एकीकडे आत जातो.” कवळी पुढे तीनदा नव्याने केली, तरी त्या बाजूला कधी नीट बसली नाही. ती दोन्ही मापं माझ्या कपाटात अजून आहेत. कुणी ‘पुढचं पुढे बघू’ म्हणालं की मी ती काढून त्यांच्या हातात देते आणि दोन्हींवरून अंगठा फिरवायला सांगते.

आता पावडरीकडे येते. पावडर स्वतः हाड बनत नाही. वेलीला मांडव लागतो, तशी ती खड्ड्यात मांडव धरून ठेवते. रक्त साकळतं, त्या गाठीत नव्या रक्तवाहिन्या शिरतात, मागोमाग हाड बनवणाऱ्या पेशी येतात आणि कणाकणाला धरून भरत जातात. तोवर वरची हिरडी आत खचत नाही. एवढंच तिचं काम.

तिने झीज थांबते असं कुणी सांगितलं, तर ते खरं नाही. झीज कमी होते. आजवरच्या अभ्यासांची एकत्र छाननी झाली आहे, तीत रुंदी आणि उंची या दोन्हींत साधारण एक ते दोन मिलिमीटर वाचतात असं दिसतं, आणि त्या पुराव्याचा दर्जाही फार वरचा नाही. मग एवढ्यासाठी कशाला, असं यजमान विचारतील. तर हिशेब असा की, पुढच्या दाताचा इम्प्लांट साडेतीन-चार मिलिमीटर जाडीचा असतो आणि त्याच्या ओठाकडच्या बाजूला निदान दीड-दोन मिलिमीटर हाड उरावं लागतं. ते नसलं तर काही वर्षांत हिरडी वर सरकते आणि धातूची करडी छटा दिसू लागते. तुमच्या जागी एक मिलिमीटरवर सगळं ठरतं. अक्कलदाढ काढायची असती, तर मीच म्हटलं असतं, काही भरू नका.

तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. मूळ उभं चिरलेलं असलं की त्या चिरेतून जंतू जात राहतात आणि चिरेलगतचं हाड बरेचदा आधीच खाल्लं गेलेलं असतं. तुमची पुढची भिंत आजच शाबूत असेल याची खात्री नाही. म्हणून दात काढण्याआधी त्या भागाचा सीबीसीटी स्कॅन, म्हणजे जबड्याचं हाड सगळ्या बाजूंनी दाखवणारा त्रिमितीय एक्स-रे, झाला आहे का, हे विचारा. साध्या एक्स-रेमध्ये पुढची भिंत दिसत नाही, कारण दाताची सावली तिच्यावरच पडते.

आणि पावडर कुठल्या कंपनीची यापेक्षा दात कसा काढणार, हे आधी विचारा. ही गोष्ट मी आईच्या सुळ्यापासून शिकले. आज मी चिमटा सर्वांत शेवटी हातात घेते. आधी पातळ पात्याचं हत्यार मूळ आणि हाड यांच्या मधल्या फटीत घालून ते तंतू एकेक करून कापायचे, ओठाकडच्या बाजूला जोर म्हणून लावायचा नाही, आणि दात सुटा झाला की अलगद फिरवत खाली ओढायचा. हिरडी चिरून मागे सारायची नाही. हाडाला रक्त पुरवणारी एक वाट दातासोबत गेलेलीच असते, हिरडी उचलली की दुसरीही काही दिवस बंद पडते. मग खड्डा स्वच्छ खरवडायचा आणि बोथट सळईने भिंत चाचपायची. पावडर वाटीत रुग्णाच्याच रक्तात कालवली की ओल्या रव्यासारखी होते. ती भरताना दाबून ठासायची नाही, कणांमध्ये रक्ताला वाट राहिली पाहिजे. वर पातळ पडदा ठेवायचा आणि एक आडवातिडवा टाका घालायचा. नुसता दात काढण्यापेक्षा वीस-पंचवीस मिनिटं जास्त लागतात. हे सगळं आधी समजावून सांगणारे डॉक्टर असतील, तर निर्धास्त राहा.

कुणी ‘काढल्या दिवशीच इम्प्लांट बसवून टाकू, मग हाड जाणारच नाही’ असंही सांगतं. नुसता इम्प्लांट बसवल्याने ती पातळ भिंत वाचत नाही. त्या दिवशी बसवला तरी इम्प्लांट आणि भिंत यांच्यामधली फट बहुधा भरावीच लागते. आणि तुमची भिंत चिरेपायी गेलेली निघाली, तर थांबलेलं बरं.

वर्गात मुलांसमोर उभं राहायचं आहे, तेव्हा तात्पुरता दात त्याच दिवशी मागून घ्या. फक्त तो खालून खड्ड्यावर टेकता कामा नये, शेजारच्या दातांना चिकटवलेला असला तर उत्तम. पहिला दिवस चूळ भरू नका, थुंकू नका, स्ट्रॉने काही पिऊ नका. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाचं पाणी तोंडात घेऊन मान हलवायची आणि पाणी बेसिनमध्ये नुसतं सोडून द्यायचं. आणि बाई, दोन दिवस रजा टाका. पहिल्याच दिवशी वर्गावर ओरडून शिकवलंत तर टाक्यावर ताण येतो.

प्रश्न : माझे आजोबा सत्तरीचे आहेत, पंढरपूरची वारी कधी चुकलेली नाही, गळ्यात माळ आहे. खालची उपदाढ काढून तिथे पावडर भरायचं ठरलं. ही पावडर गाईच्या हाडाची असते असं कुणीतरी सांगितलं, तेव्हापासून आजोबा दवाखान्यात यायलाच तयार नाहीत. खरं काय आहे?

मुली, आजोबांनी ऐकलं त्यात तथ्य आहे, आणि हे डॉक्टरांनी आपणहून सांगायला हवं होतं. ‘हाडाची पावडर’ या एका नावाखाली चार वेगवेगळ्या गोष्टी येतात.

जगभर सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या पावडरींमध्ये गाईगुरांच्या हाडाची आहे. त्या हाडातला मांसल, प्रथिनांचा सगळा भाग रसायनांनी आणि उष्णतेने काढून टाकलेला असतो, खनिजांचा सांगाडा तेवढा उरतो. वैद्यकीयदृष्ट्या ती चांगली आहे. पण तिचं मूळ गाय आहे, आणि ‘आता त्यात काही उरलेलं नाही’ असं म्हणून आजोबांच्या मनाची समजूत काढायचा प्रयत्न मी करणार नाही. मान्य करायचं की नाही, हे त्यांनी ठरवायचं.

दुसरी माणसाच्याच हाडाची. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाची टिश्यू बँक आहे, १९८८ सालापासूनची. दात्यांकडून आलेलं हाड तिथे तपासून, गोठवून, सुकवून, गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात, आणि ते अगदी आमच्यासारख्या जिल्ह्याच्या गावातल्या दवाखान्यांपर्यंत पोचतं. तिसरी पूर्ण कृत्रिम: कॅल्शियम फॉस्फेटची, किंवा बायोॲक्टिव्ह ग्लास नावाच्या खास काचेची. ती प्रयोगशाळेत तयार होते, प्राण्याचा संबंधच येत नाही. आणि चौथं स्वतःचंच हाड, हनुवटीतून किंवा अक्कलदाढेमागून काढलेलं. त्यासाठी दुसरी जखम करावी लागते, एका उपदाढेसाठी मी ती करणार नाही.

लोक पावडर विचारतात आणि बाकीचं विसरतात. वर ठेवायचा कोलॅजनचा पडदा बहुतेक वेळा गाईच्या किंवा डुकराच्या कातडीपासून अथवा इतर ऊतींपासून केलेला असतो. रक्त थांबवायला ठेवतात तो जिलेटिनचा स्पंज प्राणिजन्य असतो. कॅटगटचा धागा जनावरांच्या आतड्यापासून बनतो. रेशमाचा धागाही काहींना चालत नाही. या प्रत्येकाला पर्याय आहे: कृत्रिम पावडर, कृत्रिम धागा, आणि पडद्याच्या जागी आजोबांचं स्वतःचं रक्त. दंडातून थोडं रक्त काढून, त्यात काहीही न मिसळता, लगेच यंत्रात दहा-बारा मिनिटं फिरवलं की नळीच्या मध्यभागी पिवळसर, खरवसाच्या वडीसारखी लुसलुशीत गाठ तयार होते. तिला पीआरएफ म्हणतात. २००१ साली फ्रान्समधून ही पद्धत पुढे आली. ती गाठ हलकी दाबली की पातळ पडदा होतो आणि त्याने खड्डा झाकता येतो. जखम भरायलाही त्याने मदत होते.

माझ्याकडे माळकरी मंडळी येतात, जैन कुटुंबं येतात. मी खोका फोडण्याआधी त्यांच्या हातात देते, त्यावरचं लेबल वाचून दाखवते आणि ते लेबल त्यांच्या केसपेपरवर चिकटवते. तू डॉक्टरांकडे एवढंच माग. आणि आजोबांना सांग, ‘डॉक्टर, मला प्राण्याचं काही चालत नाही’ असं आधी सांगण्यात कसलाही कमीपणा नाही. तिथे नंतर इम्प्लांट किंवा ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला दात) करायचाच नसेल, तर काही न भरता नुसता दात काढणं हाही पूर्ण योग्य मार्ग आहे, हे त्यांना आवर्जून सांग.

प्रश्न : वडिलांचं वय ७२, मधुमेह आहे. हाडं ठिसूळ झाली म्हणून वर्षातून एकदा शिरेतून इंजेक्शन देतात. खालची दाढ हलते आहे. मी पुण्यात नोकरीला, ते गावी. दाढ काढून पावडर भरून घ्यावी, असं मला वाटतं. शिवाय त्यांना मिश्रीची सवय आहे. (बार्शी)

दादा, तुम्ही पावडर पहिल्या ओळीत विचारलीत आणि इंजेक्शन ओघात सांगितलंत. माझ्यासाठी त्यांचा क्रम उलटा आहे.

हाडांच्या ठिसूळपणावर देतात त्या काही औषधांनी हाडाची झीज थांबते, पण त्याबरोबर जबड्याच्या हाडाची जखम भरण्याची ताकदही मंदावू शकते. क्वचित दात काढलेल्या जागी हाड उघडं पडून महिनोन्महिने भरत नाही. २००३ साली याकडे पहिल्यांदा वैद्यकीय जगाचं लक्ष गेलं. कर्करोगात हीच औषधं मोठ्या मात्रेत, वारंवार देतात, तिथे धोका बराच जास्त असतो. वर्षातून एकदा घेणाऱ्यांत तो कमी असतो, पण शून्य नसतो. तेव्हा इंजेक्शनचं नाव आणि शेवटची तारीख कागदावर लिहून दाताच्या डॉक्टरांना द्या, आणि त्यांना इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरांशी फोनवर बोलू द्या. आपल्या मनाने औषध बंद करू नका, पुढे ढकलूही नका. त्यातल्या काही औषधांचा डोस चुकला तर मणक्याचं हाड मोडण्याचा धोका वाढतो.

साखरेची तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीए१सी, दात काढण्याआधी तपासून घ्या. आठच्या वर असेल आणि दाढ नुसतीच हलत असेल, दुखत नसेल, तर मी आधी साखर आटोक्यात आणायला सांगते.

आता पावडर. खालच्या मागच्या दाढेच्या भिंती जाड असतात, वडिलांना तिथे इम्प्लांट करायचा विचार तुमच्या पत्रात दिसत नाही, आणि त्यांच्या हाडाची भरून येण्याची ताकदच औषधामुळे थोडी दबलेली आहे. मी काही भरणार नाही. दाढ अलगद काढीन, हाडाची टोकं गुळगुळीत करून वर टाके घालीन आणि आठवड्याने बोलावीन. एक दाढ नसली तरी भाकरी कालवून जेवता येतं. जखम न भरणं त्याहून फार वाईट.

मिश्रीबद्दल स्पष्टच लिहिते. भाजलेली असली तरी ती तंबाखूच आहे, आणि ताज्या खड्ड्यावर घासली की रक्ताची गाठ निघून येते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कानापर्यंत ठणका लागतो, तोंडाला वास येतो. माझ्याकडे असे रुग्ण बहुतेक याच कारणाने परत येतात. वडिलांना फोनवर ‘सोडा’ म्हणून सांगाल तर ते हो म्हणतील आणि सकाळी डबी उघडतील. शक्य असेल तर दाढ काढायच्या दिवशी तुम्ही गावी जा, चार-पाच दिवस राहा. डबी तुमच्या खिशात असू द्या.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी वरची दाढ काढली. तेव्हा पावडर वगैरे कुणी बोललं नाही. आता म्हणतात, हाड कमी आहे, इम्प्लांटसाठी सायनस उचलावा लागेल. तेव्हा भरली असती तर हे टळलं असतं का? (रत्नागिरी)

कदाचित टळलं असतं, पण खात्रीने नाही. वरच्या दाढांच्या मुळांवर, वरच्या जबड्याच्या हाडात हवेची पोकळी असते, तिला सायनस म्हणतात. तिचा तळ वर उचलून खाली पावडर भरायची, यालाच सायनस उचलणं म्हणतात. दाढ गेली की खालून हाड झिजतं आणि वरून ही पोकळी खाली उतरते. मधली पट्टी दोन्हीकडून कमी होते. पावडर भरली असती तरी काही जणांत पुढे सायनस उचलावा लागतोच.

आता मागचं उगाळू नका. स्कॅनमध्ये पट्टी किती मिलिमीटर उरली आहे, तो आकडा मागा. पाच-सहा असेल तर आखूड इम्प्लांट किंवा आतल्या आत थोडा सायनस उचलणं जमू शकतं, दोन-तीनच असेल तर बाजूने मोठी शस्त्रक्रिया लागते. शेजारच्या दोन्ही दाढांना आधीच कॅप असतील, तर ब्रिज हा साधा मार्ग आहे. दोन ठिकाणी मत घ्या, घाई काहीच नाही. जी झीज व्हायची ती बहुतेक होऊन गेली आहे.

प्रश्न : परवा दाढ काढून पावडर भरली. आज जिभेला वाळूसारखे कण लागले, दोन-तीन थुंकीतून पडले. सगळं वाया गेलं का? (नांदेड)

नाही. पहिल्या आठवड्यात वरचे थोडे कण सुटतात, त्याची मोजणी करत बसू नका. जिभेने टाका चाचपायची सवय मात्र आजच सोडा, कण तिच्यानेच निघतात. टाका सुटून खड्डा उघडा दिसला, कण चमचाभर आले, किंवा तिसऱ्या दिवसानंतर दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेलं, पू किंवा घाण वास आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. वर पांढरा, प्लास्टिकसारखा पडदा दिसत असेल तर घाबरू नका, ओढू नका. तो काही जणांत मुद्दाम उघडाच ठेवतात आणि तीन-चार आठवड्यांनी डॉक्टर स्वतः काढतात. तुमच्या खड्ड्यावर कोणता पडदा ठेवला आहे, हे आजच फोन करून विचारून घ्या, आणि तोवर जेवण दुसऱ्या बाजूने चावा.